चूक सांगण्याची मोकळीक

आज १७ सप्टेंबर. मराठवाड्यात या तारखेची ओळख करून द्यावी लागत नाही. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. आणि आपण आज ज्या खुलताबादेत जमलो आहोत, तिथेच त्या राजवटीचा मूळ पुरुष, पहिला असफजाह, कबरीत विसावला आहे. घराण्याचा आरंभ या मातीत आणि शेवट या तारखेत, असा हा योग आहे. त्या राजवटीत साधी सभा भरवायची तरी सरकारची परवानगी लागे, हे आमच्या आधीच्या पिढीनं भोगलेलं आहे. मुक्ती म्हणजे झेंडा बदलणं तर खरंच, पण खरं बोलताना जीभ अडखळू नये, हाही मुक्तीचाच अर्थ.

याच तारखेला आणखी एक दिवस पाळला जातो. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना १७ सप्टेंबर हा ‘जागतिक रुग्ण सुरक्षा दिन’ मानते. दोन दिवस एका तारखेला आले हा निव्वळ योगायोग. पण रुग्णालयाच्या इतिहासाकडे पाहिलं, तर दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो: जे घडलं ते सांगण्याची भीती माणसाला का वाटते? आज तो प्रश्न आम्हाला परिचारिकांच्या बाजूने मांडायचा आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. रुग्ण सुरक्षा म्हणजे आजार बरा करणं नव्हे. उपचारासाठी आलेल्या माणसाला उपचारातूनच इजा होऊ नये, एवढाच तिचा अर्थ. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला जाणं, रक्ताची पिशवी बदलणं, म्हातारा माणूस रात्री खाटेवरून पडणं, पाठीला शय्याव्रण होणं, न धुतलेल्या हातातून जंतू पुढच्या खाटेवर जाणं, या त्या इजा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ सालीच लिहून ठेवलं की रुग्णालयानं रुग्णाचं नुकसान करू नये, ही पहिली अट आहे. त्यांचा दुसरा विचार आम्हाला त्याहून खोल वाटतो. मी हजर असताना जे काम होतं, ते मी नसतानाही तसंच व्हावं अशी व्यवस्था लावणं, हा तो विचार. एका बाईच्या चांगुलपणावर वॉर्ड चालत नाही, तो रीतीवर चालतो. या रीतीलाच आज आपण संस्कृती म्हणतो.

‘सुरक्षा संस्कृती’ हा शब्दप्रयोग मात्र रुग्णालयात जन्मला नाही. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्या अपघाताचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्याच वर्षीच्या अहवालात तो वापरला. यंत्र सदोष होतंच, पण यंत्राभोवतीच्या माणसांच्या सवयीही सदोष होत्या, असं त्यांना म्हणायचं होतं.

आणि त्याच १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काय घडलं? मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन दिलं जाई. त्या दिवसांत ते घेतलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं एकामागून एक निकामी होऊ लागली. १४ जण दगावले. औषधी ग्लिसरीनच्या नावाखाली कारखान्यात वापरायचं ग्लिसरीन आलं होतं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. अमेरिकेत १९३७ साली याच विषानं शंभरावर माणसं मेली होती आणि त्यातून तिथला औषध कायदा कडक झाला होता. धडा जगाला ठाऊक होता, आपल्या वॉर्डापर्यंत तो पोहोचला नव्हता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं पुरवठादारापासून अन्न व औषध प्रशासन, रुग्णालय प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत बोट ठेवलं.

या प्रकरणात आम्हाला एक हात दिसतो. ग्लिसरीन रुग्णाच्या पोटात गेलं ते कुणाच्या तरी हातानं. वॉर्डात हा शेवटचा हात बहुधा सिस्टरचा असतो. बाटलीवरची चिठ्ठी बरोबर, डॉक्टरांचा आदेश बरोबर, मात्राही बरोबर, आणि बाटलीत विष. खरेदी, तपासणी, परवाना, साठा या सगळ्या पायऱ्यांवर झालेल्या चुका खाली घरंगळत येतात आणि त्या शेवटच्या हातात गोळा होतात. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली हेच मांडलं. मोठा अपघात एका चुकीनं होत नाही. अनेक पडद्यांतली भोकं एका रेषेत येतात, तेव्हा तो होतो. नेमकं शेवटच्या पडद्याशी जो उभा असतो, तोच लोकांना दिसतो.

विमान क्षेत्रानं यावर उपाय आधीच शोधला होता. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात गोपनीयपणे कळवू शकतात. ही माहिती शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न जाता ‘नासा’कडे जाते. कळवणाऱ्याचं नाव काढून टाकतात, धडा तेवढा सर्वांना वाटतात. वैद्यकाला हे उमगायला १९९९ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’नं अहवाल दिला की तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसं उपचारातल्या चुकांमुळे मरत असावीत. त्या अहवालाच्या नावातच सांगितलं होतं की चुकणं हा माणसाचा धर्म आहे. पुढे २००४ साली तिथे रुग्णालयातली सुरक्षा संस्कृती मोजणारी प्रश्नावली तयार झाली आणि अनेक देशांत परिचारिकांनी ती भरली. बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी निघते. आपसातल्या सहकार्याला गुण चांगले पडतात, ‘चूक सांगितली तर ती माझ्याविरुद्ध वापरली जाणार नाही’ या विश्वासाला सर्वांत कमी.

आपल्या महाराष्ट्राकडे या प्रश्नाचं उत्तर नाही असं मात्र कुणी समजू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात एका सफाई कर्मचाऱ्यानं अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या रुग्णाला शय्याव्रण झालं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला.

मित्रहो, याला आपण माया म्हणतो, आणि ती होतीच. पण नुसत्या मायेनं ४२ वर्षं कूस बदलली जात नाही. तरुणपणी अरुणाताईंना पाहिलेल्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्या घटनेनंतर जन्मलेल्या मुली नोकरीला लागल्या, तरी दर पाळीत काम तसंच झालं. नाइटिंगेल ज्याला व्यवस्था म्हणत होत्या, ती हीच. याच गोष्टीची दुसरी बाजूही विसरू नये. हल्ला झाला तो ड्युटीवरच्या परिचारिकेवर. जिथे सांभाळणारीच सुरक्षित नाही, तिथे सांभाळलेला सुरक्षित कसा राहील?

आता २०२१ कडे येऊ. ९ जानेवारीच्या मध्यरात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाला आग लागली आणि १० बाळं गेली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण दगावले. दोन्ही ठिकाणी अग्निसुरक्षेच्या व्यवस्थेवर गंभीर प्रश्न उभे राहिले. वरचे अधिकारी निलंबित झाले, हे खरं. पण भंडाऱ्यात पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर, आणि नगरला पहिल्यांदा अटक झाली ती एका डॉक्टरांना आणि तीन परिचारिकांना. दोषी कोण, हे न्यायालयानं ठरवायचं, आमचा तो अधिकार नाही. आमचा प्रश्न एवढाच, की दुसऱ्या दिवशी राज्यातल्या दुसऱ्या एखाद्या वॉर्डात बोर्डातून ठिणगी उडताना जिनं पाहिली, ती सिस्टर ते लेखी देईल का? की ‘कशाला आपलं नाव कागदावर’ म्हणून गप्प बसेल?

यावर कुणी म्हणेल, मग काय कुणालाच शिक्षा नको? गेलेल्या बाळाच्या आईला काय सांगणार? आक्षेप वजनदार आहे. तत्त्वज्ञानाची सवय अशी, की गोंधळ झाला की आधी भेद करावा. नजरचूक वेगळी, अंगवळणी पडलेला शॉर्टकट वेगळा आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई वेगळी. नजरचुकीला आधार आणि दुरुस्ती हवी. शॉर्टकट का पडला ते शोधायला हवं, बहुधा माणसं कमी आणि खाटा जास्त असतात. बेपर्वाईला मात्र शिक्षाच हवी. सर्वोच्च न्यायालयानंही २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरांच्या संदर्भात हाच विवेक सांगितला, की साधी चूक आणि फौजदारी स्वरूपाचा घोर निष्काळजीपणा एका मापानं मोजू नये.

हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे, रीझन यांच्या लेखनातून ती सर्वदूर पोहोचली. त्याच रात्री, तितक्याच रुग्णांसह, तितकीच शिकलेली दुसरी सिस्टर तिथे असती, तर तिच्याकडूनही हेच घडलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर माणूस बदलून काही साधणार नाही, जागा दुरुस्त करावी लागेल. आणि मोकळीक म्हणजे नातेवाइकांपासून लपवणं नव्हे. काय घडलं हे कळण्याचा पहिला हक्क त्यांचाच. वॉर्डात जे बोलता येत नाही, ते नातेवाइकांनाही कधी खरं सांगितलं जात नाही.

या सगळ्याला कोट्यवधी रुपये लागतात असंही नाही. संहत पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल साध्या औषधांशेजारी ठेवली तर एखाद्या दमलेल्या रात्री जीव जाऊ शकतो. ती वेगळ्या कुलुपात ठेवणं, हीच रुग्ण सुरक्षा. शस्त्रक्रियेआधी मोठ्यानं वाचायची एक पानी यादी जागतिक आरोग्य संघटनेनं आठ शहरांत वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. त्या यादीची खरी ताकद आम्हाला अशी वाटते, की ती सिस्टरला सर्जनसमोर ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क देते. आपल्याकडे वयानं, पदानं आणि कधी जातीनंही लहान मानलेल्या माणसानं मोठ्याला थांबवणं ही साधी गोष्ट नाही.

खुलताबादचा रुग्ण जास्त झाला की त्याला पंचवीसेक किलोमीटरवर घाटीत नेतात. त्याच्यासोबत एक कागद जातो. कोणतं औषध किती वाजता दिलं, कशाची ॲलर्जी आहे, काय द्यायचं राहून गेलं, हे त्यावर असतं. त्या कागदावर ‘चारचा डोस चुकला, सहाला दिला’ एवढी एक खरी ओळ लिहिताना सिस्टरला मेमोची धास्ती वाटली, तर ती तिथे फक्त ‘डोस दिला’ असं लिहील. घाटीतले डॉक्टर त्यावर विसंबून पुढचा डोस ठरवतील. तेव्हा आपल्या रुग्णालयाला भेट दिलीत तर इमारत जरूर पाहा, पण तिथल्या इन्चार्ज सिस्टरना एक प्रश्नही विचारा: गेल्या महिन्यात तुमच्याकडे किती चुका नोंदवल्या गेल्या? ‘एकही नाही’ असं उत्तर आलं, तर तिथे चुका होत नाहीत असं समजू नका.