किंग्स्टनचे फर्मान

१९७१ च्या जानेवारीत निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने भारतीय संघाची मुखत्यारी पतौडींकडून अजित वाडेकरांकडे आली, तेव्हा स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या मुंबईच्या या मितभाषी, डावखुऱ्या फलंदाजाकडून दिग्विजयाची अपेक्षा फार थोड्यांनी बाळगली होती. वेस्ट इंडीज दौऱ्यातील किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेल्यामुळे सामना चार दिवसांचा ठरला, आणि अशा सामन्यात फॉलोऑनसाठी दोनशेऐवजी दीडशे धावांची आघाडी पुरते हे नियमाचे कलम ध्यानी ठेवून, सरदेसाईंच्या २१२ धावांच्या बळावर १७० धावांनी पुढे असलेल्या वाडेकरांनी प्रतिपक्षाच्या खोलीत जाऊन त्यांचे कर्णधार सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीस पाचारण केले. सामना अनिर्णित राहिला. परंतु बलाढ्य वेस्ट इंडीजच्या आत्मविश्वासास त्या दिवशी बसलेला धक्का हीच, माझ्या मते, पुढच्या कसोटीतील, मालिका जिंकून देणाऱ्या पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयाची खरी पूर्वपीठिका होय. पुढे ऑगस्टात ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला आणि २४ तारखेस इंग्लंडभूमीवरील पहिली मालिका भारताच्या पदरात पडली. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात तिन्ही कसोट्या गमावल्या व वाडेकरांची कारकीर्द आटोपली. त्या एका दौऱ्यावरून त्यांची योग्यता ठरविणे हा उघड अन्याय आहे. एकाच वर्षात परदेशी दोन मालिका जिंकणारे ते पहिले भारतीय कर्णधार होत.