शेंकड्याचें प्रमाण आणि मतांची मोजणी

शेंकडेवारी काढण्याची कृति आपल्याकडे नवी नव्हे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें (इ. स. ११५०) रचलेल्या लीलावतींत त्रैराशिकाची रीत दिली आहे. प्रमाण व इच्छा हे एकजातीय राशि आद्यंतीं मांडावे, फल मध्यें ठेवावें. फलास इच्छेनें गुणून प्रमाणानें भागावें. लोकमताच्या चाचणींत एकंदर आलेलीं उत्तरें हें प्रमाण, त्यांपैकीं एका पक्षाचीं उत्तरें हें फल व शंभर ही इच्छा. कृति इतकी सोपी असतां घोटाळा होतो तो प्रमाणाच्या ठायीं.

अमेरिकेंत १९३६ सालीं अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें धाडिल्या. परत आल्या २३,७६,५२३. त्यांत लँडन यांस १२,९३,६६९ व रूझवेल्ट यांस ९,७२,८९७ मतें होतीं. आलेल्या सर्व पत्रिका हें प्रमाण धरिल्यास लँडन यांचा वांटा शेंकडा ५४.४ येतो. केवळ या दोघांच्या मतांची बेरीज, म्हणजे २२,६६,५६६, धरिल्यास तोच ५७.१ होतो, आणि धाडिलेल्या पत्रिकांशीं ताडल्यास जेमतेम १३ भरतो. फल एकच, उत्तरें तीन. प्रमाण न सांगतां शेंकडा लिहिणें म्हणजे शक न सांगतां नुसता वर्षाचा आंकडा लिहिण्यासारखें आहे.

तथापि मुख्य दोष गणिताच्या आधींचा होता. नांवें बहुतांशीं टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेलीं. त्या मंदीच्या काळांत हीं साधनें बाळगणारा वर्ग सुस्थितींतलाच असावयाचा. शिवाय चौघांपैकीं तिघांनीं उत्तरच दिलें नाहीं. प्रत्यक्ष मतदानांत रूझवेल्ट यांस शेंकडा ६०.८ व लँडन यांस ३६.५ मतें मिळालीं. गॅलप यांनीं सुमारें ५०,००० उत्तरांवरूनच रूझवेल्ट यांचा जय वर्तविला होता. १९३८ सालीं तें साप्ताहिक बंद पडलें.

पोथ्यांच्या संग्राहकांस हा न्याय परिचित आहे. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षी नव्हेत. सुकथनकरांनीं १९३३ सालीं सिद्ध केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तींत पाठनिर्णय पोथ्यांच्या संख्येवर सोंपविला नाहीं, त्यांच्या परंपरेचा विचार केला. मतांच्या आंकड्यांसही तीच कसोटी लावावी. किती जणांपैकीं, कोणत्या यादींतून, आणि मौन राहिले किती, हें कळल्यावांचून शेंकडा हा पुरावा म्हणून स्वीकारूं नये.