पिगट, एर्नी
पिगट, एर्नी : (१८७८–१९६७). स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांच्या घोडशर्यतींतील श्रेष्ठ इंग्रज जॉकी. पूर्ण नाव अर्नेस्ट. १९१०, १९१३ व १९१५ या वर्षी ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या सर्वाधिक शर्यती जिंकून ते चँपियन जॉकी ठरले.

त्यांची कीर्ती मुख्यत्वे लिव्हरपूलजवळील एंट्रीच्या ‘ग्रँड नॅशनल’ शर्यतीमुळे आहे. सु. ७ किमी. अंतर आणि ३० उड्या असलेली ही शर्यत हँडिकॅप पद्धतीची; घोडा जितका सरस, तितका त्याच्या पाठीवर भार अधिक. त्या काळी हा भार १२ स्टोन ७ पौंडांपर्यंत (सु. ७९ किग्रॅ.) असे. एवढे ओझे वाहणारा घोडा शेवटच्या उड्यांना थकलेला असतो. म्हणून त्याचा दम सुरुवातीपासून राखणे हे जॉकीचे खरे कसब.

१९१२ मध्ये रॉबर्ट गोअर यांच्या तबेल्यातील ‘जेरी एम’ या घोड्यावर स्वार होऊन पिगट यांनी हा कमाल भार असतानाही ग्रँड नॅशनल जिंकली. पहिल्या महायुद्धात एंट्रीचे मैदान युद्धखात्याकडे गेल्यामुळे १९१६ ते १९१८ या काळात पर्यायी शर्यत गॅटविकला होत असे. तेथे १९१८ मध्ये पिगट ‘पोएथलिन’वर विजयी झाले. १९१९ मध्ये शर्यत एंट्रीला परतली, तेव्हा त्याच जोडीने ती पुन्हा जिंकली. भार याही वेळी १२ स्टोन ७ पौंडच होता, आणि सट्ट्याच्या ११/४ इतक्या कमी भावाने ही शर्यत जिंकणारा दुसरा घोडा आजवर झालेला नाही. १९२० मध्ये मात्र पोएथलिन पहिल्याच अडथळ्यापाशी पडला.

पिगट यांच्या पत्नी मार्गारेट या जॉकी टॉम कॅनन यांच्या कन्या. मॉर्निंग्टन व केम्प्टन हे मार्गारेट यांचे भाऊ एप्सम डर्बीचे विजेते होते. पिगट यांचे पुत्र कीथ यांनी तयार केलेल्या ‘अयाला’ने १९६३ ची ग्रँड नॅशनल जिंकली. कीथ यांचे पुत्र लेस्टर सपाट मैदानावरील शर्यतींकडे वळले आणि त्यांनी डर्बी ९ वेळा जिंकली.

नातवाच्या प्रसिद्धीमुळे एर्नी पिगट यांचे कर्तृत्व काहीसे झाकोळले. तरी १२ स्टोन ७ पौंडांचा भार वाहून ग्रँड नॅशनल जिंकणारे घोडे केवळ चार : ‘क्लॉइस्टर’, ‘मॅनिफेस्टो’, ‘जेरी एम’ व ‘पोएथलिन’. यांपैकी शेवटच्या दोन्ही घोड्यांचे जॉकी पिगटच होते.