तलाव घराण्यांनी राखले, हे खरे नाही

पूर्व विदर्भात तलावांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: मालगुजारी गेली आणि तलाव मेले. सभांमधून, लेखांमधून, टपरीवरच्या गप्पांमधून हे वाक्य इतके फिरले आहे की त्याला पुरावा मागायचे कुणाच्या मनातही येत नाही. त्यामागची मांडणी अशी: तलाव पाटलाच्या घराण्याचा होता. आजोबाने बांधला, बापाने राखला, मुलाने गाळ काढला. १९५१ मध्ये सरकारने घराण्याचा हा मालकी हक्क, म्हणजे मालगुजारी, काढून घेतला, तलावाला धनी उरला नाही आणि मग गाळाने व बेशरम नावाच्या झुडपाने तो गिळला. या मांडणीचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणून नवेगाव बांधचा तलाव पुढे केला जातो. मला वाटते, हा साक्षीदार नेमकी उलट साक्ष देतो.

आधी पूर्वपक्षाला त्याचे माप देऊ. त्यात तथ्य आहेच. तलावाखालची चांगली जमीन पाटलाची होती, त्यामुळे पाळ फुटली तर पहिला तोटा त्याचा. तो गावात राहत होता. पावसाळ्याआधी पाळीची डागडुजी करायला माणसे लावण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. त्या अधिकारात वेठही होती, हे मात्र त्याची थोरवी सांगताना गाळले जाते. १९५१ नंतर तलावांची आबाळ झाली, हेही कुणी नाकारणार नाही. प्रश्न एवढाच, की एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली तिचे कारण ठरते का?

घराणे जमिनीला घट्ट धरून असते तोवर जमीन जगते, या कल्पनेला आपल्याकडे जेवढा मान आहे त्याहून मोठा मान अमेरिकी दूरचित्रवाणीने तिला मिळवून दिला. ‘बोनान्झा’ १९५९ ते १९७३ अशी चौदा पर्वे चालली. ताहो सरोवराकाठचे पाँडेरोसा नावाचे अफाट कुरण, विधुर बेन कार्टराइट आणि त्याचे तीन बायकांपासून झालेले तीन मुलगे. जमीन, गुरे आणि आडनाव यांचे रक्षण हाच त्या घराचा धर्म. ज्या वाशो लोकांचे ते सरोवर पिढ्यानपिढ्या होते, ते त्या कथेत आले तर पाहुण्यासारखे. ‘द बिग व्हॅली’त कर्त्या पुरुषाच्या जागी व्हिक्टोरिया बार्कली ही विधवा आली, पण घराण्याचे सूत्र तेच राहिले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘यलोस्टोन’ने ते टोकाला नेले. मोंटानातले डटन घराणे, त्याचा कर्ता जॉन डटन, आणि जमीन हातची जाऊ नये म्हणून चाललेले खून, कपट, राजकारण. ही कथा पुरली नाही म्हणून ‘१८८३’ आणि ‘१९२३’ या मालिकांत त्याच घराण्याचे पूर्वज दाखवले गेले.

आज आपल्या वाड्यांच्या आठवणी लिहिल्या जातात, ओसरीवरचे आजोबा, भिंतीवरची बंदूक, कोठारातले धान, त्यात मला हाच साचा दिसतो. गाव म्हणजे घराण्याच्या गोष्टीची पार्श्वभूमी. कुळे, ढिवर, गोंड, महार येतात ते हुकूम झेलायला.

पण डटनांची गोष्ट शेवटी कुठे पोचते? ‘१८८३’च्या अखेरीस एक आदिवासी वृद्ध पहिल्या डटनला जागा दाखवतो आणि बजावतो, की सातव्या पिढीत माझे लोक ही जमीन परत घेतील. २०२४ च्या डिसेंबरात ‘यलोस्टोन’ संपली तेव्हा जॉनचा मुलगा केसी ते सगळे कुरण तिथल्या आदिवासी जमातीला एकरी सव्वा डॉलर या पूर्वजांच्या काळच्या भावाने विकून टाकतो. जमीन तुकडे होऊन विकली जायला नको असेल, तर ती घराण्याच्या हातून सुटली पाहिजे, हे त्या घराण्याच्या वारसालाच कळते. घराण्याच्या मालकीचे एवढे गोडवे गाणाऱ्या कथेलाही दुसरा शेवट सापडला नाही, ही मला तिची सर्वांत प्रामाणिक जागा वाटते.

आता नवेगावकडे येऊ. हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानले जाते. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे पाणी, भोवती डोंगर. कोहळ्यांची विद्या हीच होती: डोंगरांमधली नेमकी फट हेरायची आणि तिथे पाळ घालायची, म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडते. या समाजाचे तलावबांधणीतले कसब रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या जातिकोशात मुद्दाम नोंदवले आहे. कोलू पाटलाचे पुढे काय झाले? तो कोलासूर देव झाला. तलावाभोवतीच्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात, त्यांतल्या एकावर त्याचे ठाणे आहे. या सात बहिणींनी तलाव बांधायला हात लावला, अशी लोककथा आहे. गावाने बांधणाऱ्याला देव केले आणि श्रेयात सात जणींना वाटेकरी ठरवले. देव झालेला माणूस कुण्या एका घराच्या देव्हाऱ्यापुरता राहत नाही. वंशावळीपेक्षा गावाची आठवण या बाबतीत जास्त नेमकी आहे, असे माझे मत आहे.

आणि कालगणना पाहा, कारण ‘घराण्याची मालकी’ हा युक्तिवाद तिथेच कोसळतो. गोंड राजांच्या काळाची जी परंपरा सांगितली जाते तीनुसार तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे. म्हणजे जमीन ही पाण्याच्या कामाची बिदागी होती, आणि काम हीच तिची अट. भोसल्यांच्या अमलात पाटील हा गावाचा कारभारी आणि वसुलीचा जबाबदार माणूस होता. गावाचा मालक नव्हता. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना गावांचे मालकी हक्क बहाल केले. म्हणजे ज्या मालकीमुळे तलाव टिकले असे सांगतात, ती मालकी १८६० च्या दशकात जन्मली आणि १९५१ मध्ये संपली. जेमतेम नव्वद वर्षे. नवेगावचा तलाव तिच्याआधी दीडशे वर्षे भरत होता, वाहत होता, धान पिकवत होता.

उलट, या मालकीनेच जुनी अट मोडली. पाळ राखा की न राखा, गाव आता मालगुजाराचे. शिवाय मालकी हक्क गहाण टाकता येऊ लागला, विकता येऊ लागला. मध्य प्रांतात कितीतरी गावे कर्जापायी सावकारांकडे गेली आणि ज्यांनी कधी पाळीवर पाय ठेवला नाही ते तलावांचे धनी झाले. घराणी १९५१ मध्ये एका फटक्यात संपली असे म्हणणाऱ्यांनी आधीच्या या पडझडीचा हिशेब द्यायला हवा.

मग तलाव चालत कशामुळे? ऑक्टोबरचे दिवस डोळ्यांसमोर आणा. पावसाने पाठ फिरवली आहे, भारी धान निसवायला आले आहे, आणि आता एक पाणी मिळाले नाही तर वर्ष हातचे गेले. मोरी उघडते, पाट वाहू लागतो. पण इथे पाणी प्रत्येक शेतात स्वतंत्र पाटाने येत नाही. ते या बांधीतून त्या बांधीत, धुऱ्याला पाडलेल्या तोंडातून उतरत जाते. वरच्याने तोंड बुजवले की खालचे सगळे कोरडे. अशा व्यवस्थेत एकट्या पाटलाचा हुकूम किती पुरणार? कुणाचे पाणी आधी, कुणाचे नंतर, कुणाच्या जमिनीला किती हक्क, हे सर्वांना तोंडपाठ असावे लागते आणि सर्वांना मान्य असावे लागते. हे हक्क पुढे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या गावच्या महसुली दप्तरांत नोंदले गेले. तलावाचा कणा हे हक्क होते.

१९५१ च्या ३१ मार्चला मालकी हक्क संपवणारा कायदा अमलात आला तेव्हा मालगुजार गेला, याचे मला दुःख नाही. दुःख याचे, की त्याच्या जागी गाव आले नाही, खाती आली. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापेक्षा मोठे पाटबंधारे विभागाकडे. मासळीचा ठेका वेगळीकडे, काठाची जमीन महसुलाकडे. पिढ्यानपिढ्या जे पाणी हक्काने घेतले त्यावर पट्टी लावली गेली. शेतकऱ्यांनी ती नाकारली. आणि पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही, असे हे गाडे रुतून बसले. तलाव मेले ते या तुकड्यांमुळे. वाड्यात पाटील बसला असता तरी या तुकड्यांपुढे त्याचे काही चालले नसते.

यावर कुणी म्हणेल, की लोकांना राखायचेच असते तर त्यांनी राखले नसते का? त्याचे उत्तर नवेगावच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवरांच्या मच्छीमार संस्था यांनी मिळून इथले अनेक तलाव पुन्हा जिवंत केले. काम अतिशय चिकाटीचे. बेशरमीचा तोडलेला दांडा ओल्या मातीत पडला तरी पुन्हा मुळे धरतो, म्हणून उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती मुळासकट उपटून काठाबाहेर वाळवावी लागते. मग तळ नांगरायचा, आणि पहिल्या पावसानंतर पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती हाताने लावायच्या. ही लावणी ढिवर बायांनी केली. कोणत्या माशाला कोणते गवत लागते, अंडी कुठे घातली जातात, हे ढिवरांना ठाऊक होते; ते कुणा मालगुजाराने शिकवलेले नव्हते. केवळ रोहू-कटल्याचे बीज सोडून भागत नाही, मरळीसारख्या गावच्या माशांना आसरा हवा, ही समज त्यांच्याकडून आली. या कामात एकही वाडा नव्हता.

नवेगावचा आणखी एक वारसा आहे आणि तोही रक्ताने चालत आलेला नाही. इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांना जंगल पाठ होते. त्यांच्याकडून ते ज्ञान घेतले मारुती चितमपल्लींनी: सोलापुरात जन्मलेला, घरी तेलुगू बोलणारा, वनखात्याच्या नोकरीपायी इथे आलेला माणूस. ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून हा तलाव त्यांनी मराठी वाचकाच्या स्वाधीन केला. पाटलाच्या विद्येचा वारस परक्या घरात निघाला आणि त्यामुळेच ती विद्या आपल्यापर्यंत पोचली.

तेव्हा मालगुजारीच्या नावाने हळहळणाऱ्यांना आणि सगळा भार सरकारवर टाकून मोकळे होणाऱ्यांनाही माझी एकच विनंती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, १९६६ च्या कायद्याने, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना आजही मान्यता दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क आहे. आपल्या गावच्या निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्ही नोंदींची नक्कल तहसील कार्यालयातून काढा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा, आणि त्या वाचनाला ढिवरांना व पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पहिल्या रांगेत बसवा. पावसाळ्याआधी हे झाले पाहिजे.