पटवाऱ्याच्या दप्तरापासून संगणकापर्यंत



संगणक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहतात. हे यंत्र शहरी मंडळींचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे खेड्यातल्या माणसाला वाटते. पण बुलढाणा जिल्ह्यात ज्याच्या नावावर दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याच्या त्या जमिनीचा हिशेब आज संगणकात आहे. हा हिशेब तेथवर कसा पोचला आणि तो तेथे सांभाळावयाचा म्हणजे काय, ही हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

हकीकत तशी फार जुनी. अकबर बादशहाच्या काळी वऱ्हाड हा एक सुभा होता, आणि आपले मेहकर हे त्यातल्या एका सरकारचे ठाणे होते. ऐन-इ-अकबरी या ग्रंथात त्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या शेतांचे आकडे चारशे वर्षांपूर्वीही कोणीतरी लिहून ठेवीत होते. परगण्याला देशमुख-देशपांडे, गावाला पाटील आणि पटवारी. पाटलाने वसूल करावा आणि पटवाऱ्याने लिहावे, अशी कामाची वाटणी. लिहिणे मोडीत, कागद रुमालात बांधलेले आणि तो रुमाल पटवाऱ्याच्या घरी. ज्याच्या शेताबद्दल लिहिले त्याला बहुधा ते वाचता येत नसे. पटवारी प्रामाणिक असला तर गावाचे नशीब, नसला तर दाद कोठे मागावी? आजही आपल्याकडची जुनी माणसे तलाठ्याला पटवारीच म्हणतात. नाव गेले नाही, कारण त्या नावामागचा धाक फार दिवसांचा आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे जमिनीची मोजणी झाली. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शिक्षकमित्रांनी हा हिशेब मुलांकडून मैदानावर दोरी धरून करून घ्यावा, मुले तो जन्मात विसरणार नाहीत. या मोजणीने एक मोठी गोष्ट झाली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. अमक्याच्या आंब्यापासून तमक्याच्या विहिरीपर्यंत, हे वर्णन मागे पडले आणि सर्व्हे नंबर आला. आता पहा, संगणकालाही नेमके हेच लागते. त्याला आंबा कळत नाही, आकडा कळतो. साखळी ओढणाऱ्या त्या माणसांनी नकळत शंभर-सव्वाशे वर्षे आधीच या यंत्राची पूर्वतयारी करून ठेवली होती.

१९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६६ चा जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. गावच्या हिशेबाचे नमुने ठरले. सात नंबरचा नमुना जमीन कोणाची ते सांगतो, बारा नंबरचा नमुना तीत पीक काय ते सांगतो. दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. जमीन विकली किंवा वारस लागले, तर आधी सहा नंबरच्या वहीत फेरफार लिहावयाचा, चावडीवर नोटीस लावावयाची, संबंधितांना कळवावयाचे, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावयाचे आणि मग वरच्या अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावयाचा. कलम १५० मध्ये हे सारे आहे. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे त्यातले मर्म.

आता संगणकाकडे वळू. अमेरिकेत १८९० च्या शिरगणतीत हर्मन हॉलरिथ याने भोके पाडलेल्या पत्त्यांवरून माणसे मोजण्याचे यंत्र चालविले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशातच बांधलेला संगणक सुरू झाला, तो टिफ्रॅक. त्या काळचा संगणक म्हणजे एक अख्खे दालन. आयुर्विमा महामंडळात तो आणावयाचे ठरले तेव्हा कारकून मंडळींनी मोठा विरोध केला, कारण पोटाचा प्रश्न होता. पुढे यंत्र लहान झाले, टेबलावर आले. मग टेबले एकमेकांना तारेने आणि उपग्रहाने जोडली गेली. आणि आता ते खिशातल्या फोनमध्ये आले आहे.

सातबाराचा प्रवासही याच पायऱ्यांनी झाला. भूमिअभिलेख संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा, म्हणजे आपल्या विदर्भातलाच. नंतर तालुक्याच्या कचेऱ्यांत संगणक आले, तलाठ्यांच्या वह्या त्यांत उतरविल्या गेल्या, आणि पुढे सर्व तालुके राज्याच्या यंत्रणेला जोडले गेले. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा निघाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तीत शेतकऱ्याने आपल्या फोनने उभ्या पिकाचे चित्र घेऊन नोंद स्वतः करावयाची. पटवाऱ्याच्या रुमालातली लेखणी, निदान बारा नंबरापुरती, शेतकऱ्याच्या हाती आली म्हणावयास हरकत नाही.

मग सारे झाले का? नाही. यंत्र आणणे सोपे, ते नीट चालविणे कठीण. त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि तिन्ही आपल्या पूर्वजांना ठाऊक होत्या.

पहिली गोष्ट भरण्याची. विहिरीत असेल ते पोहऱ्यात येणार. वहीतून उतरविताना क्षेत्रात एक शून्य चुकले, नावातला एक काना गेला, तरी यंत्र ते तितक्याच ठळक अक्षरात छापते, आणि छापलेल्यावर माणसाचा विश्वास जास्त. म्हणूनच २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचावयाचा आणि चुका टिपावयाच्या. नव्या यंत्राची चूक शेवटी चावडीवरच सापडली! त्याच वर्षीच्या कर्जमाफीत अर्ज आणि बँकांच्या याद्या जुळेनात, म्हणून कित्येकांचे पैसे रखडले. एका ठिकाणी ‘विठ्ठलराव’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘विठ्ठल’ असे लिहिले, तर गावाला तो एकच माणूस, पण यंत्राच्या लेखी ती दोन माणसे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. नोंद कोणी करावी आणि कोणी प्रमाणित करावी, हे संगणकातही वेगळेच ठेवलेले आहे. पण परवलीचा शब्द दुसऱ्याला देणे म्हणजे दप्तराची किल्ली देणे होय. अधिकाऱ्याने तो कारकुनाला देऊ नये. तुम्हीही फोनवर आलेला आकडा सेवा केंद्रातल्या ओळखीच्या मुलालासुद्धा विचार करूनच सांगावा.

तिसरी गोष्ट दुसऱ्या प्रतीची. कागदाला वाळवी होती, आग होती, गळके छप्पर होते. संगणकाची तबकडीही एके दिवशी बंद पडते. म्हणून नोंदींची प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या इमारतीत ठेवावयाची, आणि ती खरोखर उघडते का हे अधूनमधून पाहावयाचे. बी कोठीत आहे एवढ्याने भागत नाही, पेरणीपूर्वी उगवण तपासावी लागते, तसेच हे. केंद्र सरकारने २०२२ साली गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण मंजूर केले. तुमच्या सोसायटीची कीर्द आणि खतावणी संगणकात गेली असेल, तर सभासद म्हणून सचिवाला विचारा, दुसरी प्रत कोठे असते? हा प्रश्न विचारण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे.

हे सारे इतक्या आग्रहाने का सांगावे? कलम १५७ असे म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. म्हणजे चुकीची नोंदही तुम्ही गप्प बसलात तर खरी ठरते. लेखनातली चूक सुधारण्याची सोय कलम १५५ मध्ये आहे, पण चूक कळली तर ना? सोयाबीन शेतात उभे आणि सातबाऱ्यावर पडीक, असे असेल तर हमीभावाच्या केंद्रावर कोणाशी भांडणार?

तेव्हा एवढे करा. वर्षातून एकदा, पेरण्या आटोपल्यावर, आपला सातबारा आणि आठ-अ काढा. नाव, गट नंबर, क्षेत्र, बोजा आणि पीक या पाच गोष्टी बोट ठेवून वाचा. बाप गेल्यावर वारसांची नोंद तीन महिन्यांच्या आत द्या, बहिणींची नावे गाळू नका. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना घरातल्या शाळकरी मुलीने वाचून दाखवावे. आणि गुरुजींनो, सातवी-आठवीच्या वर्गात एक तास या कागदासाठी ठेवा. मोडीतला रुमाल आपल्या पणजोबांना वाचता आला नाही, यात त्यांचा दोष नव्हता. आज तो कागद बालबोध मराठीत आपल्यासमोर आहे.