ओझ्याचा रस्ता

गेल्या वैशाखात मी एक जुनी बॉबकॅट विकत घेतली. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना ती काय असते हे सांगायला नको. मेट्रोच्या खांबांखाली राडारोडा उचलणारी, बसकी, चालकाला पिंजऱ्यात बसवणारी आणि जागच्या जागी गर्रकन फिरणारी गाडी. कंपनी कुठलीही असो, मोठ्या यंत्राला आपण जेसीबी म्हणतो आणि ह्या धाकट्याला बॉबकॅट. आमचा धंदा लाकडाचा. सोसायट्यांमधली, कारखान्यांच्या आवारातली वठलेली किंवा उन्मळून पडलेली झाडं परवानगी काढून तोडायची, ओंडके ओवळ्याच्या वखारीत आणायचे, फोडायचे, वाळवायचे आणि सरपण म्हणून विकायचे. आजोबांनी सुरू केला, बाबांनी वाढवला, आता मी बघते.

झाड तोडायला जेवढे कष्ट, त्याच्या दुप्पट ते उचलायला. दोन फूट जाडीचा, चार फूट लांबीचा पर्जन्यवृक्षाचा ओला ओंडका तीनशे किलोच्या घरात भरतो. तो इमारतीच्या मागच्या गल्लीतून टेम्पोपर्यंत न्यायचा म्हणजे दोर, बांबू आणि सहा माणसं. दोन वर्षांपूर्वी असाच एक ओंडका नेताना मामांचा पाय चिखलात सरकला. मामा जव्हारकडचे, बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे तोडीला. ओंडका अंगावर आला नाही हे नशीब, पण कंबरेत जी कळ उठली ती अजून गेलेली नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात यंत्र होतं. आणि यंत्राचा विचार करता करता मन मागे मागे जात राहिलं. ह्या रस्त्यावरून आजवर लाकडाचं ओझं वाहिलं कोणी?

माझ्यापुरतं पहिलं नाव आजीचं. तिची चुंबळ आमच्याकडे अजून आहे. जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून गोल गुंडाळलेला, वरून सुतळीने शिवलेला. मधली पोकळी डोक्याच्या घुमटाला बरोबर बसेल एवढी. एक बाजू दाबली जाऊन चपटी झालेली आणि तेलाने, घामाने काळी, गुळगुळीत. पहाटे तीन-चारजणी मिळून येऊरच्या डोंगरात चढायच्या, सुकी फांदी गोळा करायच्या, रानवेलीने आवळून मोळी बांधायच्या आणि उन्हाआधी खाली उतरून मानपाड्यावरून ठाण्याच्या वाटेला लागायच्या. मोळी कोणी तोलत नसे, बघून भाव ठरे. आजी म्हणायची, "डोक्यावर चढवायला दोघी लागतात. उतरवताना एकटीने उतरवायची, पण फेकायची नाय. फेकली की सुटते आणि सुटलेल्या मोळीला भाव नाय." तिची मान शेवटपर्यंत एका बाजूला किंचित कललेली होती.

आजीच्या आधी मात्र ओझं रस्त्याने कमी आणि पाण्याने जास्त जायचं. घोडबंदर हे नावच मुळी बंदराचं. (मुंबईत वांद्र्याहून वर जाणाऱ्या स्वामी विवेकानंद मार्गाचं जुनं नावही घोडबंदर रोडच. साष्टीचे दोन्ही रस्ते शेवटी ह्याच बंदराला येऊन मिळायचे.) उल्हास नदी कल्याणहून खाली येते, ठाण्याजवळ तिचे दोन फाटे होतात. एक ठाण्याच्या खाडीत उतरतो, दुसरा कोलशेत, गायमुख, नागला बंदर, घोडबंदर करत वसईला समुद्राला मिळतो. वर कल्याण-भिवंडीच्या पाठीमागे शहापूर, मुरबाड, वाड्याची जंगलं. साग, ऐन, हेद, धावडा, खैर. बैलगाडीने लाकूड खाडीकाठी यायचं, तिथून मचव्यात चढायचं. मुंबई वाढत गेली तशी तिच्या चुलींची भूकही वाढली आणि ती भागवली बरीचशी ह्या खाड्यांनी. मुंबईत दारूखान्याकडे लकडी बंदर हे नाव अजून टिकून आहे, ते उगीच नाही.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि ह्याच खाडीवर आरमाराची गलबतं बांधायला सुरुवात केली, हे आपण शाळेत शिकतो. गलबत म्हणजे आधी लाकूड, हे मात्र कोणी सांगत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल जे लिहिलं आहे ते मी वखारीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. साग वगैरे लागेल ते परवानगीने घ्यावं. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन मगच तोडावं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मजकूर. मी आज वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीचा कागद हातात घेऊन सोसायटीच्या गेटवर उभी राहते, तेव्हा मला तो आठवतो.

इंग्रजांच्या काळात जंगलाला कुंपण आलं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं ठरली आणि ठाणे जिल्ह्यात सर्वांत मोठं भांडण पेटलं ते राबावरून. भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर ऐनाचे टहाळे, पाला, शेण, गवत पसरून जाळायचं, त्याला राब भाजणं म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने टहाळा हे खत, वनखात्याच्या दृष्टीने ती झाडाची नासाडी. तक्रारी इतक्या झाल्या की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. माझे पणजोबा त्या काळातले. फांदी तोडली म्हणून दंड भरल्याच्या गोष्टी आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं सांगितल्या जात. मला दोन्ही बाजू कळतात. ऐन दरवर्षी बोडका केला तर तो वाढत नाही हे खरं. पण ज्याच्या भाताच्या दाण्याचा प्रश्न आहे त्याला न विचारता रेघ आखली, हा अन्याय होता, आणि त्याची किंमत पुढच्या दोन पिढ्यांनी भरली.

किंमत भरली म्हणजे काय, ते मामांच्या घरच्यांना विचारावं. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, लिलावात जायचे ठेकेदारांकडे. तोडणारा वारली, कातकरी, कोकणा. त्याच्या हातात नावापुरते पैसे आणि वर वेठ. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं, तिथे वारली चालत गेले आणि त्या वर्षी गोदावरी परुळेकरांच्या मागे उठाव झाला. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाला. मामांचे वडील त्या संपात होते. मामा ते सांगतात तेव्हा फक्त एवढंच सांगतात, की त्या साली बापाने पहिल्यांदा कुऱ्हाड खुंटीला टांगली आणि ठेकेदार घरी आला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढून ठेकेदाराला बाजूला सारायला सुरुवात केली, त्याच्या मुळाशी ती खुंटीला टांगलेली कुऱ्हाड आहे असं मला मनापासून वाटतं.

बाबांची वखार साठच्या दशकातली. शेजारपाजारचे सॉ मिलवाले बहुतेक कच्छी पटेल. इमारती लाकूड त्यांचं, जळाऊ आमचं. माझ्या लहानपणीची वखार म्हणजे काटा. आढ्याला साखळीने टांगलेली लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना फळ्यांची पारडी. एकात वजनं, दुसऱ्यात फाटी. मण जाऊन किलो आले तरी बाबांच्या तोंडी मणच होता. मी सकाळी शाळेआधी वजनांवर उभी राहायची. माझं वजन बाबांना पक्कं ठाऊक होतं आणि मापात कमी पडलं तर ते मला चढवायचे. ट्रक आला की आधी ओंडक्याचा कापलेला तोंडवळा बघायचा. तिथे वनखात्याच्या हातोड्याची खूण नसेल तर माल आत घ्यायचा नाही, कितीही स्वस्त असो. पावसाळ्यात भांडणं ठरलेली. ओलं लाकूड जड, घेणारा म्हणे पाणी विकता, बाबा म्हणत वाळेपर्यंत थांबा. ते स्वतः ओंडक्यावर बोटाच्या पेराने टकटक करून ओल सांगायचे. वाळल्या लाकडाचा आवाज खणखणीत, ओल्याचा बद्द. हे मलाही येतं. मशिन आलं तरी ते ऐकायला माणूसच लागतो.

मग गॅस आला. मुंबईत बर्मा शेलचा गॅस १९५५ सालीच आला होता, पण आमच्या गावांमध्ये शेगड्या पोचायला कितीतरी वर्षं गेली. आधी घरगुती गिऱ्हाईक सुटलं, मग चहाच्या टपऱ्या. उरले पाववाले, लग्नाचे आचारी, स्मशानभूमी आणि होळी. दरम्यान लाकूड यायची दिशाच उलटी झाली. १९७५ मध्ये शहरातल्या झाडांसाठी कायदा आला, १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जंगलतोड आणि सॉ मिल दोन्हींवर करडी नजर आली. ते योग्यच झालं. येऊरचं जंगल आज राष्ट्रीय उद्यानात उभं आहे, आणि त्याच्या कडेने जाणारा हा रस्ता बघितला की ते राखलं नसतं तर काय झालं असतं हे सांगावं लागत नाही. आता आमचा माल जंगलातून येत नाही, शहरातून येतो. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ. बाहेरून आणून लावलेली, काँक्रीटमध्ये मुळं आवळलेली झाडं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात ती धडाधड पडली. त्या रात्री आणि पुढचे आठ दिवस आम्ही झोपलो नाही. लॉकडाउनमुळे माणसं गावाला, हातात दोन करवती, आणि फोन थांबत नव्हता. एका आवारात झाडाखाली रिक्षा दबलेली होती, मालक शेजारी पायरीवर बसून होता. आम्ही पाचजणांनी ते खोड पहाटेपर्यंत तुकड्या-तुकड्याने बाजूला केलं. यंत्र असतं तर तासाभराचं काम.

ते यंत्र मुळात टर्कीच्या खुराड्यासाठी जन्मलं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉथसे गावी सिरिल आणि लुई केलर ह्या लोहारकाम करणाऱ्या भावांनी १९५७ मध्ये एका टर्कीवाल्या शेतकऱ्यासाठी तीनचाकी गाडी केली. खांबांच्या मधून वळेल आणि वरच्या मजल्यावर चढवली तरी जमीन खचणार नाही इतकी लहान व हलकी. पुढे मेलरो कंपनीने ती घेतली, १९६० मध्ये चार चाकं आली, १९६२ मध्ये बॉबकॅट हे नाव. चाकं वळत नाहीत. एका बाजूची थांबवली की दुसरी बाजू गाडीला फिरवते. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बैलासारखं. एकाला आवरला की गाडी वळते." इतकं नेमकं मला कोणी समजावलं नव्हतं.

भिवंडी बायपासजवळ एका यार्डात पहिली बघितली. मीटरवर बावीसशे तास. पण पायाखालच्या पेडलचं रबर घासून पत्रा दिसत होता आणि सीटची कड फाटून स्पंज बाहेर आलेला; बावीसशे तासांत एवढं झिजत नाही. इंजिनावर हात ठेवला तर गरम. आम्ही येण्याआधी चालवून ठेवलेली, म्हणजे थंड असताना नीट चालू होत नसणार. नमस्कार करून निघालो. दुसरी कळव्याच्या बाजूला. सकाळी सातला, न सांगता गेलो. थंड इंजिन एका चावीत उठलं. मामांच्या मुलाने बकेट पूर्ण वर नेली, इंजिन बंद केलं आणि आम्ही दहा मिनिटं बघत उभे राहिलो; हात खाली उतरला नाही, म्हणजे सिलिंडर आणि सील शाबूत. मग बकेट जमिनीवर टेकवून थोडीशी उचलायला सांगितली. पिना आणि बुशांत ढिलाई असेल तर आधी खटकन आवाज होतो, मग बकेट हलते. एका पिनेत होता. गाडी पुढे-मागे झटकून चेनमधला सैलपणा पाहिला. होजच्या पाइपांना भेगा होत्या, टायर दोन बदलायला आलेले. हे सगळं धरून पैसे कमी केले. लाकूड धरायचा ग्रॅपल वेगळा घ्यावा लागला. तिच्या पाटीवर उचलायची जी मर्यादा लिहिलेली असते ती गाडी कलंडायच्या वजनाच्या निम्मी असते. म्हणजे चिखलात, उतारावर ती पूर्ण वापरायची नाही हे मामांच्या मुलाला मी पहिल्याच दिवशी बजावलं.

एक प्रश्न राहतोच. सहा माणसांच्या जागी आता तीन लागतात. गाडी घेण्याआधी मी तिघांशी बोलले. एक वखारीत लाकूड फोडायला आला, एकाला करवत शिकवली, एक गावी परतला. त्याचा हिशोब माझ्याकडून चुकता झाला असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हापासून पाववाल्यांचीही गिऱ्हाइकी आटते आहे. त्यात हप्त्याचं ओझं. तरीही मामांची कंबर बघितली की घेतली ते बरं केलं असं वाटतं.

पहिल्या पावसात कासारवडवलीला एक पर्जन्यवृक्ष पडला. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक. चाकं फरफटली की ते उखडतात म्हणून आम्ही वाटेवर जुनी प्लायवूड अंथरली. मामांनी खोडाला फेरी मारली, पेराने टकटक केली, कुठे कापायचं तिथे कुऱ्हाडीने खुणा केल्या. मुलगा ग्रॅपलमध्ये ओंडका धरून हळूहळू मागे आला. मामा टेम्पोपर्यंत त्याच्या शेजारून चालले, एक हात ओंडक्याला लावून, जणू तो तेच धरून आहेत. वजनकाट्यावर दोनशे ऐंशी किलो भरला.