विरामचिन्हांचे हसू

रेल्वेपूर्व काळात मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने पनवेल बंदरी उतरे आणि तेथून बोरघाट चढून वर जाई. अशा प्रवाशांच्या सामानात इतरांनी सोपविलेली पत्रेही असत. ज्यांच्या नावे ती लिहिलेली, त्यांतील पुष्कळांना वाचता येत नसे. एखादा कारकून वा शाळकरी मुलगा ती मोठ्याने वाचून दाखवी. कागदावर ‘सा. न. वि. वि.’ एवढीच अक्षरे असली तरी वाचणारा ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे सगळे म्हणे. जमिनीवर आडवे होऊन करावयाचा नमस्कार दोन अक्षरांत मावलेला असे आणि वाचणाऱ्याच्या आवाजातून तो पुन्हा उभा राही. लग्नपत्रिकेच्या कडेला लावलेले कुंकू ऐकणाऱ्यास दिसले नाही, तरी वाचणाऱ्याच्या स्वरातून कळत असे.

हे स्मरण होण्यास एक कारण घडले. आमचे एक स्नेही पनवेलहून लोकलने मुंबईस अध्यापनासाठी जात असतात. विषय मराठी, दृष्टी जन्मतः नाही. त्यांची पत्रे वाचून दाखविणारा आता माणूस नसून यंत्र आहे. २००७च्या सुमारास त्यांचा एक लेख आम्हांस फार आवडला, म्हणून आम्ही लघुसंदेश धाडला : ‘लेख वाचला. आता आपण लेखन थांबवावे हे बरे :-)’. पंधरा दिवस त्यांच्याकडून अक्षर आले नाही. भेट झाली तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या फोनमधील वाचक-प्रणालीत विरामचिन्हे न उच्चारण्याची योजना होती. आमचा संदेश रोमन लिपीतला, तो तिने परक्या उच्चारात वाचला आणि शेवटचे हसू गिळून टाकले. उरला तो केवळ आदेश. ‘चिन्हे चालू ठेवली तर वाक्यावाक्याला ‘डॉट’ ऐकावे लागते हो,’ ते म्हणाले, ‘आणि तुमचे हसू मला ‘कोलन, डॅश, राइट पॅरेन’ असे ऐकू येते. त्यात हसण्यासारखे काय आहे?’

योगायोग असा की या हास्यचिन्हाचा जन्मच न कळलेल्या विनोदातून झाला आहे. १९८२च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोद कोणी केला आणि काहींनी तो खरा धोका समजून घेतला. त्यावर १९ सप्टेंबर रोजी स्कॉट फाहलमन यांनी सुचविले की, विनोदापुढे :-) असे चिन्ह करावे. ते आडवे पाहावे, अशी सूचनाही त्यांनी जोडली. सारे मर्म या ‘पाहावे’त आहे. आवाजाचा अभाव त्यांनी डोळ्यांकरवी भरून काढला. ज्यांचे वाचन कानाने चालते, त्यांच्यासाठी मात्र तेथे तीन विरामचिन्हेच उरली.

येथे मराठी लेखनाचा इतिहास ध्यानी घ्यावयास हवा. मोडीत आधी शिरोरेषा ओढीत आणि तिला अक्षरे टांगीत जात. शब्दांत अंतर नसे, विरामचिन्हेही नसत. कोठे थांबावे, कोठे आवाज चढवावा, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हे मराठीत रुळविली, असे श्रेय त्यांना देण्यात येते. मोल्सवर्थच्या कोशकार्यातही त्यांचा वाटा होता. विराम म्हणजे थांबणे. अर्थात ही चिन्हे मुळात आवाजासाठीच आली. पुढे मनातल्या मनात वाचण्याचा परिपाठ पडला, चिन्हे डोळ्यांच्या स्वाधीन झाली, आणि फाहलमन यांनी त्यांतूनच चेहरा घडविला. स्क्रीन रीडरने हे वर्तुळ उलटे फिरविले : डोळ्यांसाठी मांडलेले पुन्हा आवाजाच्या दारी आले, परंतु मधला जाणता वाचक नाहीसा झाला होता.

त्या वाचकाची जागा यंत्राने घेतली तीही हळूहळू. टेड हेंटर या स्वतः दृष्टी गमावलेल्या अभियंत्याची ‘जॉज’ ही प्रणाली १९८९ साली आली. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली आरंभिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र स्थापन झाले ते २००३ साली. वाचून दाखविणाऱ्याची वेळ सांभाळण्यातून या साधनांनी विद्यार्थ्यांस मोकळे केले, हे ऋण मोठे आहे. हास्यचिन्हांचा प्रश्नही वापरणाऱ्यांनी आपल्या परीने सोडविला. उच्चारकोशात :-) यासमोर ‘स्मित’ असे लिहून ठेवता येते, एनव्हीडीएसाठी तर याच कामाची स्वतंत्र पुरवणी निघाली.

तथापि मराठी मजकुरात या उपायाची गंमत होते. आपल्याकडे ‘प्रश्न :-’ असे लिहून पुढे कंस करण्याची जुनी सवय आहे. ‘प्रश्न :-(अ)’ असे सलग टंकित केले, तर सरसकट बदल करणारा कोश तेथे रडवा चेहरा पाहील. प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत तो अगदीच चुकला असेही म्हणवत नाही! याहून गंभीर गोष्ट विसर्गाची. ‘दुःख’ हा शब्द टंकिताना कित्येक जण विसर्गाऐवजी अपूर्णविराम देतात. डोळ्यांस दोन्ही टिंबे सारखीच. युनिकोडच्या लेखी ती दोन निराळी चिन्हे. मग सर्व चिन्हे उच्चारणारे यंत्र ‘दु, कोलन, ख’ असे वाचते. सांत्वनाच्या पत्रात हे ऐकावे लागणाऱ्याची कल्पना करावी. हास्यचिन्हातले दोन डोळे आम्ही नकळत दु:खातही बसवून ठेवले आहेत.

२०१०च्या युनिकोड आवृत्तीत शेकडो चित्रचिन्हे समाविष्ट झाली आणि प्रत्येकास नाव मिळाले. यंत्र आता विरामचिन्हे न वाचता नाव वाचू लागले. डोळ्यांना जे चित्र, ते कानांना नाव. म्हणजे येथे नामकरण करणारा हाच भाष्यकार. जोडलेल्या हातांचे चित्र घ्या. मूळ नाव ‘हात जोडलेली व्यक्ती’ अशा अर्थाचे. आमच्याकडे ते चित्र नमस्कार असते, विनवणी असते, आभार असतात, श्रद्धांजलीही असते. संदर्भ पाहून डोळा निवड करतो. कानावर मात्र चारही वेळा तेच नाव येते. कोणी सलग दहा हात धाडले, तर काही प्रणाली संख्या सांगून मोकळ्या होतात, काही दहादा हात जोडतात. आमचे स्नेही स्वतः ही चिन्हे हौसेने वापरतात, नावे ऐकून निवडतात. त्यांची तक्रार चित्रांविषयी नाही. वाक्याचा सगळा भार चित्रावर टाकून वाक्य मोकळे सोडण्याविषयी आहे.

त्यांचे म्हणणे असे की, मराठीस या बाबतीत उसने मागण्याची फारशी गरज नाही. ‘जपून जा’ आणि ‘जपून जा हं’ यांतले अंतर एका अक्षराचे. ‘तो मोठा विद्वान’ ही स्तुती; ‘तो मोठा विद्वान म्हणे’ यात उपहास आला. बरं का, ना, की, अगं, अरे : व्याकरणात ज्यांना आपण एखाद्या परिच्छेदात उरकतो, ते हे शब्द स्वराचेच लेखन आहेत. यंत्र ते सपाट आवाजात उच्चारते, हे खरे. पण उच्चारते, गिळत नाही. ऐकणारा मराठी असला म्हणजे चढउतार तो आपल्या मनातून पुरवितो, जसा मोडी वाचणारा विराम पुरवीत असे. प्रमाणलेखनाच्या धाकाने हे शब्द आम्ही निबंधांतून, मग पत्रांतून काढीत गेलो, आणि ती रिकामी जागा भरण्यास कंस आणि टिंबे बोलावली. अध्यापक म्हणून या दोषात आमचाही वाटा आहे. विद्यार्थ्यांच्या वहीतले कित्येक ‘हं’ आम्ही तांबड्या शाईने खोडले आहेत.

अलीकडे त्यांचा आणखी एक लेख वाचनात आला. आम्ही तोच जुना संदेश पुन्हा धाडला, थोडा बदलून : ‘अहो, आता लिहिणे थांबवा बरं, आमची पंचाईत होते ना!’ चिन्ह एकही जोडले नाही. पाच मिनिटांत उत्तर आले : ‘ऐकू आले हं.’